जुन्या पिकअपचे बॉल जॉइंट : तपासणी आणि बदल

लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टोमॅटो आणि दिंडोरीची द्राक्षं वाहणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये पुढचा भाग आधी थकतो. पुढे पाटे आणि सरळ अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत किंगपिन असतात, तर स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांत आर्म आणि नकल यांना बॉल जॉइंट जोडतो. रबरी बूट फाटला की ग्रीस निघून जातं, धूळपाणी आत शिरतं आणि गोळा झिजतो.

खड्ड्यात खडखड, टायरची एकाच कडेने झीज आणि स्टिअरिंग भरकटणं ही त्याची लक्षणं. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्याच आर्मखाली लावून, टायरखाली पहार घालून चाक उचलतात. नकल आणि आर्म यांच्यात प्ले दिसला, तर जॉइंट संपला.

बदलताना चेसिस स्टँडवर आणि खालचा आर्म जॅकवर ठेवतात, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी ठरते. स्प्लिट पिन काढून नट सैल करतात, पण दोन-तीन आट्यांवर ठेवतात. मग पुलर लावून किंवा नकलच्या कानावर हातोडा मारून टेपर सोडवतात. नवा जॉइंट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळतात. पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळायचा, सैल करायचा नाही. पिन मात्र नवीच हवी.

शेवटी व्हील अलाइनमेंट आवश्यक. झिजलेला जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं, म्हणून कसारा घाट उतरण्याआधीच तो बदललेला बरा.