तीन लाखांची सूट, साडेचार युनिटांचा फरक

२०२४च्या सप्टेंबरात टाटा मोटर्सनं नेक्सॉन ईव्हीच्या किमतीत तीन लाखांपर्यंत कपात जाहीर केली. दोनच आठवड्यांनी त्याच गाडीत ४५ किलोवॅट-तासांची बॅटरी आली आणि तोवर मोठी मानली जाणारी ४०.५ची जुनी ठरली. सूट येते तीही दिवाळीच्या तोंडावर, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सिंदेवाहीत धान अजून बांधीत उभं असतं तेव्हा!

कागदावर जुनीचा पल्ला ४६५ किलोमीटर, नवीचा ४८९. हे चाचणीतले आकडे; ते बाजूला ठेवू. एक किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातलं एक युनिट. युनिटला सात किलोमीटर धरले, तर जुनी २८३ जाईल, नवी ३१५. सिंदेवाहीहून चंद्रपूर जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास. दोन्ही आरामात करतील. मूल, नागभीड, ब्रह्मपुरी तर किरकोळच. परीक्षा नागपूरची. जाऊन-येऊन पावणेतीनशे तरी होतात. मे महिन्यात एसी लावून जुनी परत येणार नाही आणि नवीवरही कुणी बेफिकीर राहू नये. म्हणजे नागपुरात चार्जिंग दोघींनाही आलंच. जलद चार्जरवर १० ते ८० टक्क्यांसाठी नवीला ४० मिनिटं लागतात, जुनीला ५६. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पेशंटला भेटायला गेलेल्या माणसाला या सोळा मिनिटांनी फरक पडत नाही. भाड्यानं गाडी चालवणाऱ्याला पडतो. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर तर दोघी सारख्याच: दहा तासांत सुमारे तीस युनिटं, म्हणजे दोनशे किलोमीटर.

खरा प्रश्न उन्हाचा आहे, आणि तो कुठल्याच जाहिरातीत नसतो. या गाड्यांतली लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी तापमान सोसण्यात उजवी, पण ती नुसती उभी असतानाही झिजते. आतल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर साचत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. दहा अंश तापमान वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर झीज आणखी वाढते. आमच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो; पत्र्याच्या शेडमधली गाडी त्याहून तापते.

म्हणून सवलतीची गाडी घेताना ‘किती कमी करता?’ हा प्रश्न नंतर विचारावा. आधी उत्पादनाचा महिना विचारा. तो आरसी बुकवरही येतो. एप्रिल-मे तिनं यार्डात काढला का? चार्ज किती ठेवला होता? बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल लेखी मागा. आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू होते, तेही कागदावर घ्या. विकताना जुन्या मॉडेलला भाव कमी येतो, हा तोटा सुटीतून वजा करून पाहा.

माझं मत विचाराल तर, घरी चार्जिंग असेल, रोजची धाव शे-दीडशेची असेल आणि गाडी सात-आठ वर्षं ठेवायची असेल, तर सवलतीची घ्यावी. साडेचार युनिटांसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. नागपूरची फेरी आठवड्याला असेल किंवा गाडी भाड्यानं फिरवायची असेल, तर नवीच. आणि उत्पादनाचा महिना सांगायला टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याकडून दोन्हींपैकी एकही घेऊ नये.