एकास सदतीस : मुरगाव हार्बर स्थानकाचा हिशेब

२०१०-११ या वर्षात मुरगाव बंदराने ५ कोटी टन माल हाताळला. २०१३-१४मध्ये हा आकडा १ कोटी १७ लाख टनांवर आला. तीन वर्षांत ७६ टक्क्यांची घसरण. पुढे २०१६-१७मध्ये तो ३ कोटी ३२ लाखांपर्यंत चढला आणि २०१९-२०मध्ये पुन्हा १ कोटी ६० लाखांवर उतरला. दहा वर्षांत इतके हेलकावे खाणाऱ्या बंदराच्या धक्क्यालगत एक रेल्वे स्थानक आहे : मुरगाव हार्बर. गोव्यात रेल्वे सुरू झाली ती इथून. आज प्रवासी गाड्या त्याच्या अलीकडे, वास्को द गामा स्थानकातच संपतात. हार्बरपर्यंत जातात त्या मालगाड्या.

बंदराची घसरण लोहखनिजामुळे झाली हे गोव्यात शाळकरी पोरही सांगेल. पण म्हणून स्थानकही खनिजामुळेच बसले, असा निष्कर्ष काढला तर हिशेब चुकतो. भरभराटीच्या काळातही गोव्यातले बहुतेक खनिज रेल्वेने येतच नव्हते. खाणीवरून ट्रकने नदीकाठच्या जेटीवर आणि तिथून मांडवी-झुआरीतल्या शेकडो बार्जमधून ते थेट बंदरात किंवा नांगरलेल्या जहाजापाशी पोहोचत असे. रेल्वेच्या वाट्याला आले ते घाटापलीकडचे, होस्पेट-बळ्ळारी भागातले खनिज. तेव्हा या स्थानकाचे नशीब समजून घ्यायचे तर बंदराकडे पाठ करून कुळे ते कॅसलरॉक या २६ किलोमीटरच्या घाटाकडे पाहावे लागते. स्थानकाचे बरेवाईट प्रत्येक वेळी तिथे, आणि तिथूनही पलीकडे, ठरले आहे.

सुरुवातीपासूनच तसे होते. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकातीची भिंत पाडायची, गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आणायचे, आणि त्या बदल्यात गोव्याला दर वर्षी ४ लाख रुपये द्यायचे, असा तो सौदा. मुरगाव बंदर आणि तिथून सरहद्दीपर्यंतची रेल्वे हा त्याच सौद्याचा भाग. १८८१मध्ये लंडनच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली : वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. नावातला ‘गॅरंटीड’ महत्त्वाचा. ८ लाख पौंडांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली. गाडी चालो न चालो, वर्षाला ४० हजार पौंड देणे आले.

मिठाच्या बदल्यात मिळणारे ४ लाख रुपये या हमीला तारण होते. घोटाळा असा की हमी पौंडांत आणि मिळकत रुपयांत. १८८०मध्ये रुपया सुमारे २० पेन्सांचा होता, म्हणजे ४ लाख रुपयांचे साधारण ३३ हजार पौंड होत. त्यानंतर चांदी घसरत गेली आणि १८९२च्या सुमारास रुपया १५ पेन्सांवर आला. तेच ४ लाख आता २५ हजार पौंडांचे झाले. गोव्याने मीठ गहाण टाकून जी रक्कम मिळवली तिचा चौथा हिस्सा काही न करता वितळून गेला. देणे मात्र ४० हजारांचेच राहिले.

त्याहून कठोर हिशेब काळाचा आहे. करार १८८०पासून लागू झाला, मुदत १२ वर्षांची. मुरगाव ते सावर्डे हा टप्पा जानेवारी १८८७मध्ये सुरू झाला आणि घाट चढून कॅसलरॉकपर्यंतचा मार्ग फेब्रुवारी १८८८मध्ये. गोव्याच्या हद्दीतले अंतर ८२ किलोमीटर, रूळ मीटर गेजचे. जानेवारी १८९२मध्ये करार संपला, त्याचे नूतनीकरण झाले नाही आणि जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. ज्या मुक्त व्यापारासाठी ही रेल्वे बांधली तो तिच्या वाट्याला चार वर्षेही पुरा आला नाही. दरम्यान सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग बेळगाव-मिरजेकडून पुण्याला जाऊन मिळाला होता. धारवाडचा कापूस आता घाट न उतरता, पोर्तुगीज हद्द न ओलांडता मुंबईला जाऊ शकत होता. मुरगाव हे दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाचे नैसर्गिक बंदर, असे नकाशा पाहणारा कुणीही म्हणेल. व्यापारी नकाशा पाहत नाही, दर पाहतो. विसावे शतक उजाडता उजाडता, १९०२मध्ये, पोर्तुगीज मार्ग चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडेच गेले. गोव्याची रेल्वे धारवाडहून चालू लागली. आज ती हुबळीहून चालते. २००३पासून हुबळी हे नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय आहे.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून हे बंदर जगाच्या बातम्यांत आले. मार्च १९४३मध्ये इथे आश्रयाला असलेल्या जर्मन जहाजांवर कलकत्त्याहून आलेल्या हौशी ब्रिटिश सैनिकांनी छापा घातला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘तेइया मारू’ आणि ‘ग्रिप्सहोम’ या जहाजांमधून जपान आणि अमेरिका यांनी आपापल्या नागरिकांची अदलाबदल केली तीही इथेच. बंदराला प्रसिद्धी मिळाली, रेल्वेला माल मिळाला नाही.

ऑगस्ट १९५५मधल्या सत्याग्रहींवरील गोळीबारानंतर भारताने सरहद्द बंद केली आणि घाटातून जाणारी गाडी थांबली. गोवा मुक्त झाल्यानंतरच तो दुवा पुन्हा जोडला गेला. स्थानकाच्या आयुष्यातली ही सर्वांत शिकवणारी वर्षे आहेत. कारण नेमक्या याच काळात जपानच्या मागणीमुळे बंदराची खनिज निर्यात वाढत होती. रेल्वे तुटलेली आणि बंदर तेजीत! बार्ज असताना या बंदराला घाटाची गरज नव्हती, हे तेव्हाच सिद्ध झाले. १९६३मध्ये मुरगावला प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला, १९७९मध्ये खनिज भरण्याची यांत्रिक यंत्रणा आली. तिचाही मोठा आधार नदीच होती.

प्रवाशांचे प्रकरण थोडक्यात सांगता येते. कोकण रेल्वेपूर्वी मुंबई-पुण्याचा माणूस रेल्वेने गोव्याला निघाला की मिरजेला ब्रॉड गेजमधून उतरायचा, मीटर गेजमध्ये बसायचा आणि लोंढ्यामार्गे घाट उतरायचा. १९९०च्या दशकात हा मार्ग ब्रॉड गेज झाला. पण २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि गोव्याच्या रेल्वेचे केंद्र मडगावला सरकले. मडगावपासून वास्को ३० किलोमीटरच्या आत आहे, तरी तो मार्ग आता फाटा झाला. वास्कोच शेवटचे टोक म्हटल्यावर त्यापलीकडच्या हार्बरला कोण जाणार? गोदीतला कामगार आणि सडा-बायण्याचा रहिवासी बसने जातो, तो जातच राहील.

उरली मालगाडी. आता खरा प्रश्न चढाचा.

कुळे ते कॅसलरॉक चढ १:३७ आहे, म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे गेली की २७ मीटर वर जाते. २६ किलोमीटरमध्ये ती ५०० मीटरहून जास्त उंची गाठते. मालगाडीला पुढे-मागे मिळून चार-पाच इंजिने लावावी लागतात. ५८ वाघिणींच्या रेकमध्ये साधारण ३,८०० टन माल मावतो, वाघिणींचे स्वतःचे वजन १,३०० टनांच्या आसपास. अशी भरलेली रेक ५०० मीटर वर उचलायला, घर्षण आणि इंजिनांचे वजन सोडून, सुमारे ७,००० युनिट ऊर्जा लागते. रिकामी रेक उचलायला १,८०० युनिट पुरतात. जवळजवळ चौपट फरक.

या चौपटीत स्थानकाचा अलीकडचा सगळा इतिहास आहे. मार्ग बांधला तेव्हा कल्पना होती की माल वरून खाली येईल : कापूस, धान्य, गळिताची पिके. होस्पेटचे खनिज आले तेही खालीच. भरलेली गाडी उतरायची, रिकामी चढायची. उतरताना ब्रेकची कसोटी, पण इंधनाचा हिशेब सोयीचा. २०१०मध्ये कर्नाटकने खनिज निर्यात बंद केली, २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतल्या खाणी थांबवल्या आणि रेल्वेचा उतरता माल आटला. २०१२मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. नंतर वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि त्या पुन्हा थांबल्या. खनिजाची जागा आयात कोळशाने घेतली. कोळसा समुद्रसपाटीला उतरतो आणि कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी भरलेल्या रेकमधून घाट चढतो. बंदराचा प्रवाह उलटा फिरला. पोलादाची गुंडाळी निर्यातीसाठी खाली येते, पण वर जाणाऱ्या कोळशाशी तिची बरोबरी होत नाही.

वर्षाला १ कोटी टन कोळसा वर न्यायचा तर रोज सात भरलेल्या रेक हव्यात. परतीच्या धरून चौदा फेऱ्या. एकेरी रुळावर, प्रवासी गाड्यांच्या मधून, हे ओढूनताणून जमते. बंदर विस्ताराच्या आराखड्यांत २०३५पर्यंत ५ कोटी टनांच्या वर कोळसा येईल, असा जो अंदाज गोव्यात वादाचा विषय झाला, त्याचा हिशेब मांडला तर रोज ३७ रेक वर आणि ३७ खाली. दर वीस मिनिटांनी एक मालगाडी, दिवसरात्र. वेळसांव, कासावली, इसोरशी इथली माणसे रुळाला खेटून राहतात. त्यांनी या एकेरी मार्गालगतच्या प्रस्तावित दुसऱ्या रुळाला विरोध केला तो केवळ कोळशाच्या धुळीपायी नाही. या वीस मिनिटांचा अर्थ त्यांना अंकगणित न करता कळला होता.

होस्पेट-हुबळी-लोंढा-वास्को या सुमारे ३५० किलोमीटरच्या दुपदरीकरणातला बाकीचा भाग रेल्वेच्या दृष्टीने नेहमीचे काम आहे. पेच घाटात आहे, भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात. नोव्हेंबर २०२०मध्ये दुपदरीकरणाच्या विरोधात चांदरच्या रेल्वे फाटकावर लोक रात्रभर बसले. एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने अहवाल दिला. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला मुद्दा जंगलाचा नाही, रेल्वेचाच आहे : जाळ्यातल्या सर्वांत अकार्यक्षम तुकड्यावर इतका खर्च करण्याचे समर्थन सापडत नाही. दुसरा रूळ टाकला तरी चढ १:३७च राहणार आणि इंजिने तितकीच लागणार. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे टप्प्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्याची वाट मात्र मोकळी ठेवली. टांगती तलवार म्हणा किंवा आशा म्हणा, दोन्ही बाजू याच वाक्याकडे बघून आहेत.

मग स्थानकाचे काय होणार? गोव्यातल्या खाणी पुन्हा पूर्ण वेगाने चालल्या तरी त्याचा फायदा बार्जना होईल, स्थानकाला नाही. कर्नाटकच्या खनिज निर्यातीवरची बंदी मे २०२२मध्ये उठली, पण तिथले खनिज तिथल्याच भट्ट्यांना हवे आहे. बंदरात क्रूझ टर्मिनलचे काम निघाले आहे. क्रूझचा हंगाम पावसाळा सोडून असतो आणि उतरणारा पर्यटक दिवसभरात जुने गोवे किंवा समुद्रकिनारा पाहून परततो. हार्बर ते कुळे अशी दूधसागर धबधब्यासाठीची एखादी दिवसगाडी त्याच्यासाठी सोडता येईल, रूळ तर आहेतच. तेवढ्यावर स्थानक पोसले जाणार नाही, पण प्रवाशांसाठी त्याचे दार उघडण्याचे दुसरे कारणही दिसत नाही.

माझ्या मते दुपदरीकरणावर स्थानकाचे भवितव्य टांगून ठेवण्यात हशील नाही. एकेरी रूळ, दिवसाला सात-आठ रेक आणि १:३७चा चढ हीच त्याची कायमची मर्यादा समजून नियोजन करावे : झाकलेल्या वाघिणी, खाली येणाऱ्या पोलादाला आणि कंटेनरला सवलतीचे दर, हंगामात प्रवासी गाडी. यापुढे बंदराने किंवा रेल्वेने विस्ताराचा कोणताही प्रस्ताव आणला तर गोवेकरांनी त्यावर एकच प्रश्न आधी विचारावा : हार्बरवरून दर वर्षी किती रेक भरून वर जाणार आणि किती भरून खाली येणार? या दोन आकड्यांशिवाय आलेला प्रस्ताव परत पाठवावा.