परसातील कोंबड्यांसाठी लाकडी खुराडे

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अल्पभूधारक आणि शेतमजूर कुटुंबांत परसातील आठ-दहा कोंबड्या ही गृहिणीची हक्काची पुंजी असते. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, बाजारहाट किंवा अचानक उद्भवलेले आजारपण यांसाठी अंडी अथवा कोंबडी विकून हाती येणारा पैसा उपयोगी पडतो. परंतु ही पुंजी फार नाजूक असते. मुंगूस, रानमांजर किंवा भटके कुत्रे एकाच रात्रीत ती नाहीशी करू शकते. उरलेली हानी मे महिन्यातील ऊन आणि साथीचे रोग करतात. यांपैकी बरीचशी हानी नीट आखलेल्या खुराड्याने टाळता येते.

जागेची निवड

रात्री कोंबड्या डालग्याखाली झाकण्याची किंवा भिंतीलगतच्या बोळकांडीत कोंडण्याची पद्धत गावोगाव आढळते. अशा जागेत हवा खेळत नाही, ओल टिकते आणि साफसफाई करता येत नाही. जमिनीपासून उंच उभारलेले लाकडी खुराडे कोरडे राहते, धुता-झाडता येते व गरज पडल्यास उचलून दुसरीकडे नेता येते. किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्याने वसविलेल्या गावांतून घराभोवती जी मोकळी जागा आहे, ती या कामी सोयीची ठरते. खुराडे शक्यतो कडुनिंबाच्या सावलीत, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर आणि घरातून दिसेल असे ठेवावे.

लाकूड व पाया

मराठवाड्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीत पुरलेले खांब काही काळाने कलतात, शिवाय त्यांना वाळवी लागते. म्हणून खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यांवर उभे करावेत. खांबांसाठी बाभूळ व फळ्यांसाठी कडुनिंब ही गावात मिळणारी लाकडे पुरेशी आहेत. लाकूड मात्र चांगले वाळलेले असावे. ओल्या लाकडाच्या फळ्या पुढे वाकतात व फटी पडतात. किनवट-माहूर भागातील साग अधिक टिकाऊ असला, तरी स्वतःच्या शेतातील साग तोडण्यासही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वये परवानगी आवश्यक आहे, याची जाणीव ठेवावी.

आखणी

दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या दहा कोंबड्या व एक कोंबडा यांना रात्रीच्या निवाऱ्यासाठी पाच फूट लांब व तीन फूट रुंद खुराडे पुरते. ते जमिनीपासून दीड फूट उंच असावे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन रुंद बाजूंनी आत शिरत नाही. पूर्व व पश्चिमेकडील बाजू फळ्यांनी बंद कराव्यात आणि पूर्वेस दार ठेवावे. दक्षिण व उत्तर बाजूंचा खालचा निम्मा भाग फळ्यांचा आणि वरचा निम्मा भाग जाळीचा असावा. उत्तरेकडील उंची चार फूट व दक्षिणेकडील तीन फूट ठेवली, की छपराला आपोआप उतार मिळतो.

जाळीची निवड महत्त्वाची आहे. मोठ्या छिद्रांच्या जाळीतून कोंबडी बाहेर येत नसली, तरी साप आत येऊ शकतो. म्हणून अर्ध्या इंचाची मजबूत तारेची जाळी घ्यावी. दाराला वरून कडी व खालून खिटी अशी दुहेरी व्यवस्था असावी.

आत तळापासून दीड फूट उंचीवर, एकमेकींपासून एक फूट अंतरावर, दोन आडव्या दांड्या बसवाव्यात. प्रत्येक पक्ष्यास सुमारे आठ इंच जागा लागते. दांड्या दोन इंच रुंद, कडा तासलेल्या आणि काढता येण्याजोग्या असाव्यात. अंडी घालण्यासाठी एक फूट लांबी-रुंदीचे तीन खण दक्षिणेकडील खालच्या फळ्यांना बाहेरून जोडावेत व त्यांवर उघडता येणारे झाकण ठेवावे. खण दांड्यांपेक्षा खाली असले पाहिजेत. अन्यथा कोंबड्या त्यांतच झोपतात आणि अंडी घाण होतात.

उन्हाळ्याची तरतूद

कोंबडीला घाम येत नाही. मुख्यतः चोच उघडून धापा टाकून ती शरीरातील उष्णता बाहेर टाकते. पारा चाळीस अंशांपलीकडे गेला, की अंडी कमी होतात व पक्षी दगावतात. नुसता पत्रा अशा वेळी घातक ठरतो. पत्र्यावर तुराट्या किंवा कडब्याचा जाड थर द्यावा आणि पावसाळ्यापूर्वी तो काढावा. छपराची वळचण फूटभर पुढे काढावी. दुपारी जाळीवर ओले गोणपाट सोडावे. मात्र हवा कोंडू देऊ नये. पाण्याचे भांडे सावलीत ठेवून दिवसातून अनेकदा भरावे.

स्वच्छता आणि रोगप्रतिबंध

तळाच्या फळ्यांवर भुईमुगाची टरफले किंवा लाकडाचा भुसा दोन इंच पसरावा आणि ओला झालेला भाग तत्काळ बदलावा. लाकडाच्या सांध्यांत गोचीड दडतात. म्हणून दांड्या वरचेवर काढून उन्हात ठेवाव्यात व सांध्यांना चुना लावावा. काढलेली विष्ठा उकिरड्यात कुजवल्यास उत्तम खत मिळते.

बर्ड फ्लू या रोगाने हा प्रश्न अधिक गंभीर केला आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा व लातूर जिल्ह्यातील केंद्रेवाडी येथे, तर जानेवारी २०२५ मध्ये उदगीर येथील कावळ्यांत हा रोग आढळला. रोग आढळल्यास बाधित क्षेत्रातील परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागतात. रानपक्ष्यांशी संपर्क टाळण्यासाठी दाणा-पाणी खुराड्यातच द्यावे. पक्षी अचानक मरू लागल्यास ते विकू, खाऊ किंवा उघड्यावर टाकू नयेत. उघड्या हातांनी न हाताळता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. मानमोडी रोगाची लस मात्र वेळेवर टोचून घ्यावी. खुराडे हे लसीला पर्याय ठरू शकत नाही.

ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील सुताराकडून असे एक खुराडे करवून घेऊन ते सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी ठेवावे. त्याची मापे शिक्षकांना भूमितीच्या तासाला विद्यार्थ्यांकडून काढून घेता येतील. आठ-दहा कोंबड्या सुरक्षित राहिल्या, तर त्या घरातील स्त्रीला किरकोळ गरजांसाठी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.