किल्ली कोणाकडे?

जालन्याच्या जुन्या पिढीने दोन रुपये हाताळले होते. निजामाच्या राज्यातला हाली आणि इंग्रजी मुलखातला कलदार. सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार मिळत. तेव्हा नवे चलन म्हटल्यावर या गावाने दचकावे असे नाही. तरी आज 'आभासी चलन' हा शब्द काढला की येथे माणसे दचकतात. मोठ्या परताव्याच्या आशेने त्यात पैसे घातलेल्यांच्या तक्रारी २०२३ साली येथील पोलिसांपर्यंत गेल्या, हे ध्यानात घेता त्यांना दोष देता येत नाही. म्हणूनच जिनिव्हाच्या प्रोटॉन कंपनीने काढलेल्या नव्या बटव्याविषयी चार शब्द सांगावेत असे आम्हांस वाटते.

ही कंपनी २०१४ साली सर्न या संशोधनसंस्थेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी सुरू केली. तिची ख्याती गुप्त टपालाबद्दल. साठवलेली पत्रे अशा रीतीने कुलूपबंद केलेली असतात की खुद्द कंपनीलाही ती उघडता येऊ नयेत. जुलै २०२४ मध्ये तिने याच तत्त्वावर बिटकॉइनचा बटवा सुरू केला.

बटवा हा शब्द थोडा फसवा आहे. त्यात नाणे नसतेच. कोणाकडून कोणाकडे किती गेले याची एक वही जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते. त्या वहीत आपल्या नावाचा नव्हे, तर आपल्या खुणेचा आकडा असतो. तो आकडा हलवण्याची किल्ली तेवढी बटव्यात असते. तेव्हा खरा प्रश्न एकच, की किल्ली कोणाकडे?

त्याच जुलै महिन्यात, १८ तारखेला, वझीरएक्स या मुंबईत सुरू झालेल्या बाजारातून सुमारे दोन हजार कोटी रुपयांचे चलन चोरीस गेले. ग्राहकांच्या किल्ल्या ग्राहकांजवळ नव्हत्या. वर्षाहून अधिक काळ त्यांना आपले चलन काढून घेता आले नाही. पुण्यात तर २०२२ साली याहून विलक्षण प्रकार उघडकीस आला. आभासी चलनाच्या एका फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी ज्या जाणकारांची मदत घेतली, त्यांनाच जप्तीचे चलन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. प्रोटॉनच्या बटव्यात किल्ली ग्राहकाची असते, कंपनीला ती वापरता येत नाही. ही सोय मोठी आहे यात शंका नाही.

पण तिची दुसरी बाजू पेढीवर बसलेल्यांना लवकर उमजेल. हुंडी गहाळ झाली तर सावकार दुसरी लिहून देई, तिला पेठ म्हणत. तीही गेली तर तिसरी, ती परपेठ. मूळ हुंडी वटलेली नाही, एवढी खातरजमा झाली की काम भागे. हे जमे, कारण हुंडीमागे एक माणूस बसलेला असे. येथे तो माणूसच काढून टाकला आहे. परवलीचा शब्द विसरला आणि बटवा परत मिळवून देणारे बारा शब्दही हरवले, तर परपेठ लिहून देणारे कोणी नाही.

गुप्ततेचेही तसेच. ती सार्वजनिक वही कोणालाही वाचता येते. प्रोटॉन दर वेळी नवी खूण वापरून माग काढणे अवघड करते, अशक्य करत नाही. आणि आपल्याकडे २०२२ पासून या व्यवहारातील नफ्यावर तीस टक्के कर आहे, तो बटवा बदलल्याने चुकत नाही.

ज्यांनी आपल्या हाताने, कोणाच्या तरी शब्दावर पैसे पाठवले, त्यांची किल्ली चोरीस गेलीच नव्हती. अशांना हा बटवा वाचवू शकला नसता.

तरीही कोणी तो घेतलाच, तर ते बारा शब्द कागदावर लिहून ठेवावेत आणि तो कागद कोठे आहे हे घरातल्या एकास सांगावे. फोनवरून ते विचारणारा कंपनीचा माणूस म्हणवत असला तरी सांगू नयेत. कंपनीला त्यांची गरजच पडत नाही.