वळूच्या आईला दूध किती?

गाय भरवताना रेतमात्रेबद्दल पहिला प्रश्न हाच असतो. प्रश्न रास्त आहे, पण त्या एका आकड्यावर आपण नको तेवढा भरवसा टाकतो.

गैरसमज : आई भरपूर दुधाची, म्हणजे वळूच्या कालवडीही तशाच निघणार.

वस्तुस्थिती : दूध चाऱ्यावर, हवेवर, निगेवरही ठरतं. एका वेतातल्या दुधाची आनुवंशिकता साधारण ०.३ धरतात. समजा, आईने एका वेतात त्याच गोठ्यातल्या बाकीच्या गायींपेक्षा १००० लिटर जास्त दूध दिलं. तिचं अंदाजित पैदास मूल्य झालं ३०० लिटर. वळूकडे येतं त्याचं निम्मं, १५०. आणि त्याच्याकडून कालवडीला मिळतात सरासरी ७५ लिटर. त्यातही आईच्या एका वेतावरून केलेल्या या अंदाजाची विश्वासार्हता शंभरात जेमतेम सात-आठ.

गैरसमज : वळू काही दूध देत नाही, मग त्याचं दूध मोजणार कसं?

वस्तुस्थिती : त्याच्या मुली सांगतात. वेगवेगळ्या गोठ्यांतल्या मुलींची तुलना त्याच गोठ्यात, त्याच हंगामात व्यालेल्या इतर गायींशी करायची. अशा १२ मुलींच्या नोंदी मिळाल्या की विश्वासार्हता ५० टक्क्यांच्या आसपास जाते, ५० मुलींवर ८०च्या. कॉर्नेल विद्यापीठातल्या चार्ल्स हेंडरसन यांनी विकसित केलेली ‘ब्लप’ पद्धत तर आई, बहिणी, मुली अशा सगळ्या नातलगांच्या नोंदी नात्याच्या जवळिकीनुसार एकत्र तोलते आणि गोठ्याचा, हंगामाचा परिणाम वेगळा काढते. म्हणूनच नव्या नोंदी आल्या की वळूचा आकडा वर-खाली होतो. त्यात फसवणूक नसते; अंदाज सुधारलेला असतो.

गैरसमज : सख्खे भाऊ, कुणाचीही मात्रा घ्या.

वस्तुस्थिती : दोघांना आई-बापाची निम्मी-निम्मी जनुकं मिळतात, पण कोणती निम्मी हे नशिबावर. वंशावळीवरून दोघांचा अंदाज सारखाच येतो. फरक कळतो तो मुलींच्या दुधावरून किंवा जनुकीय चाचणीवरून. अमेरिकेत होल्स्टीनसाठी अशी जनुकीय मूल्यमापनं २००९पासून अधिकृत आहेत. मात्र त्या चाचणीचा अर्थ लावायलाही आधी गोठ्यांतल्या दुधाच्या नोंदी लागतातच.

आणि इथेच आपण कमी पडतो. चांगल्या कालवडींचं दूध हौसेने सांगतो, कमी दुधाच्या गाळतो. मग सामान्य वळूही उत्तम ठरतो आणि त्याच्या मात्रा गावोगाव जातात. दूध मोजायला माणूस आला की कानातल्या बिल्ल्याचा नंबर, वळूचा नंबर आणि त्या दिवशीचं खरं दूध लिहून द्या, कमी असलं तरी.