वैमानिक दमतो म्हणजे नेमकं काय होतं?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तुम्ही विमानतळावर अडकला असाल, तर तो गोंधळ विसरला नसाल. इंडिगोची विमानं धडाधड रद्द होत होती, ५ तारखेला तर एका दिवसात हजारावर. बातम्यांमध्ये कारण एका ओळीत यायचं: वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम. ऐकणाऱ्याला वाटावं, पायलट लोकांना जास्त सुट्टी हवी होती आणि हाल आपले झाले.

माझी पीएचडी शरीरातल्या घड्याळावर आहे (माणसांच्या नाही, फळमाश्यांच्या), त्यामुळे तेव्हापासून मला बरेच जण विचारतात, "दोन-चार तास जास्त झोपून असा काय फरक पडतो गं?" बराच पडतो. पण उत्तर फक्त झोपेपाशी थांबत नाही.

आधी नियम काय होते ते बघू. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये ते बदलले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. 'रात्र' म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत असं ठरलं. आणि रात्रीत मोडणाऱ्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. विमान कंपन्यांचा विरोध आणि वैमानिक संघटनांची कोर्टातली लढाई यांतून वाट काढत हे नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. महिन्याभरात गोंधळ उडाला आणि रात्रीच्या ड्युटीचे काही नियम इंडिगोपुरते १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत शिथिल करावे लागले.

पहाटेचे ते चार तास

झोप कधी येणार, हे ठरवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. अलेक्झांडर बोरबेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये ही मांडणी केली आणि आजही आम्ही तीच वापरतो. पहिली गोष्ट म्हणजे साठत जाणारं झोपेचं कर्ज: जितका वेळ जागे, तितकं कर्ज जास्त. दुसरी म्हणजे शरीरातलं घड्याळ. ते तुम्ही किती झोपलात हे विचारत नाही, ते फक्त वेळ बघतं. साधारण रात्री २ ते पहाटे ६ या वेळात शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं, लक्ष विचलित होतं, हात सावकाश चालतात.

गंमत अशी, की दुपारभर झोपून कर्ज फेडलंत तरी घड्याळ तुम्हाला पहाटे साडेतीनला खाली खेचणारच. म्हणून 'विश्रांतीचे तास' मोजून प्रश्न सुटत नाही. ते तास दिवसाच्या कुठल्या भागात पडले, हेही बघावं लागतं.

आकड्यात सांगायचं तर, ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेला प्रयोग बघा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावली. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली. भारतात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारूसाठी श्वास तपासायचं यंत्र आहे. दमणुकीसाठी तसं यंत्र नाही. माणसाने स्वतःच सांगावं लागतं.

मंगळूर, २२ मे २०१०

एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबई-मंगळूर विमान त्या पहाटे निघालं, तेव्हा भारतात अडीच वाजून गेले होते. म्हणजे अख्खा प्रवास त्या चार तासांच्या खड्ड्यात. कॉकपिटमधल्या रेकॉर्डरवर पहिला दीड तासाहून जास्त वेळ कॅप्टनचा आवाज नाही, आहे तो घोरण्याचा आणि खोल श्वासांचा. उतरायची वेळ जवळ आली तेव्हा ते जागे झाले. विमान जितक्या उंचीवर हवं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होतं. को-पायलटने तीनदा सांगितलं की उतरू नका, परत वर घ्या. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं, टोक ओलांडून दरीत गेलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली.

चौकशी अहवालातली एक गोष्ट मुद्दाम सांगते. कॅप्टनला उड्डाणाआधी नियमाप्रमाणे पुरेशी विश्रांती मिळालेली होती. कागद स्वच्छ होता. पण गाढ झोपेतून उठल्यावर मेंदूवर काही काळ गुंगी राहते. पंधरा मिनिटं, अर्धा तास, कधी जास्त. आपण चहा घेऊन ती घालवतो. त्यांना त्याच अवस्थेत डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर विमान उतरवायचं होतं.

आणि दुसरी गोष्ट: को-पायलटला धोका दिसला होता, तो बोललाही. पण कंट्रोल त्याने हातात घेतले नाहीत. को-पायलटने स्वतःहून विमान वर घ्यावं की नाही, याबद्दलच्या सूचनाच संदिग्ध होत्या, असं अहवाल म्हणतो.

शिडी आणि जीभ

इथे वैमानिकांची दुसरी नाराजी येते, बढतीची आणि प्रशिक्षणाची.

आपल्याकडे २०० तास उड्डाण केलं की व्यावसायिक परवाना मिळतो. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या परवान्यासाठी १५०० तास लागतात. पण तास भरले म्हणजे कॅप्टन झालात असं नाही. कंपनीत जागा हवी, विमानं यायला हवीत, परीक्षकाचा शेरा हवा. तोवर प्रशिक्षणासाठी काढलेलं लाखो रुपयांचं कर्ज आणि कंपनीचा बाँड मानगुटीवर असतो. नोकरी सोडायची तर २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते.

शिवाय ठरावीक महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा. परीक्षक कोण? बहुतेक वेळा त्याच कंपनीतला सीनियर कॅप्टन. आज ज्याच्या शेजारी बसून 'सर, हे चुकतंय' म्हणायचं, उद्या तोच तुमच्या कागदावर सही करणार. तुम्ही आयुष्यात कधी गाइडला, साहेबांना किंवा सासऱ्यांना भर बैठकीत टोकलं असेल, तर जीभ कशी जड होते हे मी सांगायला नको.

२७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो जेट धडकली, ५८३ माणसं गेली. परवानगीशिवाय विमान पळवणारे केएलएमचे कॅप्टन त्या कंपनीचे प्रमुख प्रशिक्षक होते. शेजारच्या को-पायलटची ७४७ वरची परीक्षा त्यांनीच दोनेक महिन्यांपूर्वी घेतली होती. फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना? कॅप्टन ठामपणे 'हो' म्हणाले. पुढे कोणी काही बोललं नाही. शिवाय ड्युटीचे तास संपत आल्याचा ताण त्या क्रूवर होता. म्हणजे तासांची मर्यादा असूनही, 'नाही जमणार' म्हणायला जागा नसेल, तर तीच मर्यादा घाईचं कारण बनते.

टेनेरिफच्या अपघातानंतर ज्युनिअरला बोलायला आणि सीनियरला ऐकायला शिकवणारं प्रशिक्षण सुरू झालं. त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात, नासाच्या १९७९ च्या कार्यशाळेतून ते आलं. आज ते जगभर सक्तीचं आहे. पण वर्गात 'बोला' म्हणायचं आणि 'मी आज दमलोय' असं कळवणाऱ्याला स्पष्टीकरण मागायचं, हे एकत्र चालत नाही. संघटनांची जुनी तक्रार नेमकी हीच आहे.

मग करायचं काय?

उपाय माहीत आहेत. नासाने लांब पल्ल्याच्या उड्डाणांत वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटं आराम देऊन पाहिला. सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि त्यांची सतर्कता स्पष्ट वाढली. मात्र ही डुलकी ठरवून, जोडीदाराला सांगून आणि उतरण्याच्या बरीच आधी घ्यायची असते. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपली चूक नासाकडे कळवतात आणि नासा नावं पुसून ती माहिती सगळ्यांना देते. तिथे तक्रार म्हणजे माहिती असते, बेशिस्त नव्हे.

कंपन्यांची अडचणही खरी आहे. नियम पाळायचे तर जास्त वैमानिक हवेत, ते एका महिन्यात तयार होत नाहीत आणि तिकीटही महागू शकतं. पण नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते.

तेव्हा पुढच्या वेळी 'क्रूची ड्युटी संपल्यामुळे विमानाला उशीर होतोय' अशी घोषणा झाली, तर काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. कोणीतरी वेळेवर 'नाही' म्हणू शकलंय. पहाटे साडेतीनच्या विमानात आपण बसलेलो असताना तेच आपल्या सगळ्यात जास्त उपयोगाचं असतं.