बससाठी राखलेली वाट



नवरात्रात आपल्या माहूरगडावर गर्दी वाढली की खासगी गाड्या खाली थांबवतात आणि भाविकांना एसटीनं वर नेतात. घाटाचा रस्ता अरुंद. सगळ्यांच्या गाड्या शिरल्या तर कुणीच हलणार नाही. नुसत्या एसट्या धावल्या की माणसं भराभर वर पोचतात. मोठ्या शहरांत बसला स्वतंत्र मार्गिका देतात, त्यामागं हाच हिशेब आहे.

बसमध्ये पन्नास माणसं आहेत असं धरू. तीच माणसं दोघं-दोघं कारनं निघाली तर पंचवीस कार लागतील. पण कोंडीत बस त्या कारच्याच मागं अडकते. म्हणून रस्त्याचा एक पट्टा फक्त बससाठी राखतात. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरानं १९७४ मध्येच हे केलं.

नुसता पट्टा पुरत नाही, चौकातला लाल दिवा बसला अडवतोच. काही शहरांत त्यावरही उपाय केला आहे. बस चौकाजवळ आली की तिच्यातल्या यंत्रामुळं सिग्नलला ते कळतं. दिवा हिरवा असेल तर तो काही सेकंद जास्त राहतो, लाल असेल तर लवकर हिरवा होतो. एका चौकात वाचतात थोडेच सेकंद, पण वाटेत असे वीस चौक असले तर बस वेळेवर पोचते.

आपल्या भागातली कितीतरी मुलं-मुली शिकायला, कामाला पुण्यात आहेत. तिथं २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर अशी मार्गिका झाली. २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी मार्ग सुरू झाला. तिथले थांबे बसच्या तळाइतके उंच केले, म्हणजे गरोदर बाईला, म्हातारीला पायऱ्या चढायला नकोत. पण मार्गिका मध्येच तुटायची, दुचाक्या आत घुसायच्या. रस्त्याच्या मधोमध असलेला थांबा गाठायला धावत्या गाड्यांतून वाट काढावी लागायची. नगर रस्त्यावरची मार्गिका तर २०२३ मध्ये काढायला घेतली. पट्टा आखून काम संपत नाही. तो मोकळा ठेवावा लागतो आणि थांब्यापर्यंत सुखरूप जाता आलं पाहिजे.

हा प्रश्न बायांचा जास्त आहे. घरात एक गाडी असली तर ती बहुतेक घरचा पुरुष नेतो. आपण बसनं जातो. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पण कोंडीत गेलेला वेळ कोण देणार? उशीर झाला की रोज बुडतो, दवाखान्याचा नंबर जातो, परतताना अंधार पडतो.

माहूरला वेगळी मार्गिका नको. पण बस वळायची जागा आणि थांब्यासमोरचा रस्ता मोकळा हवा, थांब्यावर दिवा हवा. त्यासाठी बचत गटाच्या बैठकीत एक अर्ज लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, एक प्रत नगरपंचायतीत आणि एक आगारात द्या. पोच घ्यायला मात्र विसरू नका.